वीतभर सैल

केबल मागवण्याआधी मी आता सुतळीनं माप घेतो. सर्व्हरचं झाकण काढायचं, कंट्रोलर कार्डाच्या तोंडाशी सुतळीचं टोक धरायचं, आणि पंख्यांच्या वाऱ्याच्या वाटेत न येता, कडेकडेनं, प्रत्येक वळणाला गोलाई देत ती पुढं डिस्क ओळीनं बसतात तिथपर्यंत न्यायची. तिथं एक गाठ. त्याच्यापुढं वीतभर सोडून दुसरी गाठ. माप दुसऱ्या गाठीचं धरायचं. लातूरचा दुकानदार हसतो. "सर, लोक केबलचा फोटो पाठवतेत, तुमी सुतळी पाठवता."

यंदा चैत्रात कॉलेजला नवा सर्व्हर आला. खोकं फोडून, सुतळी हातात घेऊन मी बसलो होतो आणि मागच्या रस्त्यानं मेंढरं चालली होती. ज्वारी निघाली की ती येतातच. धारूरकडच्या डोंगरातून कळप उतरतात, नेकनूरच्या बाजूला सरकतात. मोकळ्या झालेल्या वावरात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं. खिडकीतून धूळ आत आली, लोकरीचा तो ओलसर उबट वास आला, गळ्यातल्या घंट्या वाजत लांब गेल्या. माझा हात वळणावर थांबला होता. दुसरं काही झालं नाही.

लोक म्हणतात, अपराध माणसाला जाळतो. मला तसं कधी झालं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, मग तो खाली टेकवला तर जमीन आहे एवढं कळतं. गरम आहे की गार, ते कळत नाही. तीन वर्षं माझं तसं आहे. मी जेवतो, झोपतो, सर्व्हरची धूळ काढतो.

तीन वर्षांपूर्वीच्या माघात आमच्या मराठीच्या बाईंनी मेंढपाळांच्या हाका गोळा करायचं काम काढलं होतं. प्रत्येक घरची हाक निराळी. पाण्यावर न्यायची एक, सांजेला गोळा करायची एक. मेंढरं आपल्या घरची हाक ओळखतात, शेजारच्या कळपाच्या हाकेला मानसुद्धा वर करत नाहीत. कॉलेजातले कॉम्प्युटर मी सांभाळतो, म्हणून रेकॉर्डर लावायला मी गेलो. सिदूआबा लिंबाखाली बसला होता. वय ऐंशीच्या आसपास, खांद्यावर घोंगडी, समोर जर्मनचा तांब्या. त्यानं रेकॉर्डर हातात घेऊन उलटा करून पाहिला.

"ह्या डबीत मावतंय व्हय समदं? माजी मेंढरंच दीडशे हायत."

"मावतंय आबा. इथून पुढं ते कॉलेजात येणाऱ्या मोठ्या मशीनमध्ये जाणार."

"ते मशीन कोन राखनार?"

"मीच."

"मंग तुमी गुराखीच की."

त्याची लेक कौसाबाई मागं चुलीपाशी बसली होती. नवरा आणि ती मिळून बापाचा कळप चालवत. ती म्हणाली, "आबा, सरला गुराखी म्हनतेत व्हय?"

"गुराखी म्हनलं, शिवी न्हाई दिली," आबा म्हणाला, आणि डबी माझ्या हातात परत दिली.

पाण्याची हाक झाली, सांजेची झाली. मेंढ्यांची नावं खुणांसकट सांगून झाली, कानी, बांडी, चंद्री, खोडी. बाईंना लांडग्याची हाक हवी होती. आबानं मान हलवली. लांडगा नसताना ती मारायची नसते. मेंढरू एकदा फसलं की दुसऱ्यांदा पळत नाही, आणि दुसऱ्यांदा लांडगा खरा असतो. बाईंनी दोन दिवस गोडीनं विचारलं. तिसऱ्या दिवशी त्यानं लेकीला कळप घेऊन ओढ्यापलीकडं, टेकाडाच्या मागं पाठवलं. कुत्रंही पाठवलं. तिला पोचायला तासभर लागला असेल. तोवर तो त्या टेकाडाकडं बघत बसला. मग उठला, काठी लिंबाला टेकवली, आणि हाक मारली. एकदाच.

ती हाक कशी होती ते मला सांगता येत नाही. मला ती आठवत नाही. मी रेकॉर्डरवरची पट्टी बघत होतो, आवाज तांबड्यात जाऊ नये म्हणून. पट्टी वर गेली, तांबड्याच्या अलीकडं थांबली, खाली आली. माझ्याकडं त्या हाकेचं एवढंच उरलंय.

फाल्गुनात ते मोठं मशीन, तेव्हाचा सर्व्हर, आलं ते सुटं. पेटी वेगळी, कार्ड वेगळं, बारा डिस्क वेगळ्या. जुळणी माझ्याकडं. कार्डापासून डिस्कपर्यंत जाणाऱ्या तीन केबली निवडायच्या होत्या. दुकानात दोन मापं होती, आखूड आणि लांब. लांब घेतली असती तर पेटीत तिची सैल वेटोळी पडली असती. उद्घाटनाला झाकण उघडं ठेवायचं ठरलं होतं, पाहुणे वाकून बघणार होते. मी आखूड घेतल्या. त्या ताणून बसवल्या, तोंडापाशीच काटकोनात दुमडल्या, चार-चार बोटांवर प्लास्टिकचे पट्टे करकचून आवळले आणि पट्ट्यांची शेपटं कापून टाकली. फोटो काढून आमच्या धंद्यातल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. एकानं लिहिलं, काम बघून डोळे निवले. दुसऱ्यानं लिहिलं, वळण जरा कडक वाटतंय. त्याला मी हसरा चेहरा पाठवला.

आमच्या घरी सैल बांधणं ही लाजेची गोष्ट होती. वडील कडब्याची पेंढी बांधायचे तेव्हा गुडघा रोवून आळा पिळायचे. आळा म्हणजे ताटांचाच पिळून केलेला बंध. तो इतका बसायचा की पेंढी गाडीवरून खाली फेकली तरी सुटायची नाही. कुणाच्या बैलगाडीतल्या पेंढ्या वाटेत फुटल्या की वडील म्हणायचे, "ह्यानं बांधल्या न्हाईत, गुंडाळल्यात." मी दहा वर्षांचा असताना माझ्या पेंढीवर त्यांनी पाय दिला होता, ती फुटली होती, आणि मला ती पुन्हा बांधायला लावली होती. केबलींवर पट्टे आवळताना माझा गुडघा आपोआप टेबलाला रोवला गेला होता, हे मला नंतर आठवलं.

पण केबल म्हणजे कडबा नव्हे. तिच्या आत केसासारख्या तारा जोडीजोडीनं जातात. जोडीतल्या दोन तारांमधलं अंतर सगळीकडं सारखं राहावं लागतं. हळू जाणाऱ्या गोष्टीला याचं काही नसतं. घरातल्या बल्बची वायर कशीही दुमडा. इथं एका सेकंदात अब्जावधी खुणा धावतात. केबल काटकोनात मोडली, पट्ट्यानं चेपली, की त्या जागी अंतर बदलतं आणि खुणा एकमेकींत मिसळायला लागतात. मशीन ते ओळखतं आणि तोच मजकूर पुन्हा मागवतं. बाहेरून काही दिसत नाही. आत नोंद होत राहते, चूक, चूक, चूक. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पुस्तिकेत वळणाचं चित्र होतं आणि मी ते पाहिलं होतं.

सर्व्हरची खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. एसी मंजूर होता, आलेला नव्हता. तोवर कूलर. कूलरला पाणी भरायचं काम भानुदासमामांचं. मामा आमचे शिपाई, रोज नेकनूरहून एसटीनं यायचे. खालच्या हौदातून बादल्या आणायच्या, जिन्याच्या बावीस पायऱ्या. चैत्र सरता सरता ऊन असं झालं की दुपारी भिंतीला हात लावला की चटका बसायचा. खोलीत वाळ्याचा ओला वास, पंख्यांची एकसुरी घरघर, मामांच्या बादलीचा दांडा वाजायचा. मामा दारातून मशीनकडं बघत विचारायचे, "सर, पाहुना बरा हाय ना?" मी म्हणायचो, बरा आहे. तोवर नोंदीत चुकांचा आकडा वाढायला लागला होता. मी तो पाहायचो आणि शून्य करून टाकायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढलेला असायचा, पुन्हा शून्य. परीक्षेचे दिवस होते, मुलांचे फॉर्म, हॉलतिकिटं, प्रिंटर. उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू.

त्याच दिवसांत सिदूआबा गेला. रानातच, वाड्यावर, म्हणजे मेंढरं बसवतात त्या मुक्कामावर. आठ-दहा दिवसांनी कौसाबाई कॉलेजात आली. हातात मोबाइल, पदरात गुंडाळलेला.

"सर, आबाची ती हाक ह्याच्यात टाकून द्या. लांडग्याची. आमी कुनी ऐकली न्हाई. आमाला तर त्यानं टेकाडामागं धाडलतं."

ते दहा मिनिटांचं काम होतं. पण त्या सकाळी मशीन अडखळत होतं, फाइल उघडायला वेळ घेत होतं. तिच्यासमोर ते अडखळलेलं दिसू नये असं मला वाटलं. मी म्हणालो, "पुढच्या सोमवारी या, नीट करून देतो." ती बरं म्हणाली. जाताना तिनं मशीनकडं बघितलं, देवघराच्या उंबऱ्यातून बघतात तसं, आत पाय न टाकता.

सोमवारच्या आधी शनिवार आला. त्या दिवशी नेकनूरची गाडी वाटेत बंद पडली, मामा अकरा वाजता पोचले, कूलर कोरडा चालला होता. साडेदहाच्या सुमारास एक डिस्क गळाली, म्हणजे मशीनला दिसेनाशी झाली, मागोमाग दुसरी, मग तिसरी. तेव्हा थांबायला हवं होतं. मशीन बंद करायचं, केबली बदलायच्या, मग बघायचं. मी घाबरलो. गळालेल्या डिस्क जबरदस्तीनं आत घेतल्या आणि त्यांच्यावरच्या मजकुराची पुन्हा जुळणी लावली, त्याच केबलींवरून. दुपारपर्यंत जुन्या-नव्याची खिचडी करत मशीननं सगळं आपल्याच हातानं पुसून टाकलं. पुण्याला डिस्क पाठवल्या, काही निघालं नाही. रेकॉर्डरची मूळ कार्डं बाईंनी कधीच रिकामी केली होती. मीच सांगितलं होतं. सर्व्हरवर गेलंय, कार्डं कशाला अडकवून ठेवता.

सोमवारी कौसाबाई आली. मी म्हणालो, "गरमीनं मशीन गेलं." तोंडातून एवढंच निघालं. मी कुणाचं नाव घेतलं नाही, हे मी पुढं कित्येकदा स्वतःला सांगितलं. पण ते वाक्य बोलताना माझी नजर कूलरकडं गेली होती, आणि कूलरपाशी मामा उभे होते.

मामांनी बादली खाली ठेवली. "बाय, त्या दिशी मला उशीर झालता. कूलरला पानी न्हवतं. माज्या हातानं तुज्या बापाचा आवाज गेला."

कौसाबाईनं बादलीकडं बघितलं. मग म्हणाली, "मामा, गाडी बंद पडली त्याला तुमी काय करताव." आणि पदरात मोबाइल गुंडाळून गेली.

मी तिथंच होतो. मला बोलता आलं असतं. प्राचार्यांनी अहवाल मागितला, त्यात मी लिहिलं, तापमान वाढल्यामुळे. मशीनमध्ये प्रत्येक डिस्कचं तापमान नोंदलेलं होतं आणि ते मर्यादेच्या आत होतं. चुकांची नोंद पहाटे सहाचीसुद्धा होती, जेव्हा खोली गार असते. झाकण काढलं तेव्हा दोन केबली तोंडापाशी दुमडीवर पांढुरक्या पडलेल्या दिसल्या. लांब केबली लावल्या आणि त्याच डिस्क आजतागायत बिनतक्रार चालल्या. त्या दोन केबली मी टेबलाच्या खणात ठेवल्या. टाकून दिल्या नाहीत, आणि कुणाला दाखवल्याही नाहीत.

एसी आला. मामा कूलर पुसून गोदामात ठेवून आले, आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सर्व्हरच्या खोलीत आले नाहीत. चहाचा कप दाराबाहेर खुर्चीवर ठेवायचे आणि बाहेरूनच सांगायचे, सर, च्या.

यंदा सुतळी हातात धरून मी बसलो होतो, त्याच्या पुढच्या रविवारी नेकनूरच्या बाजारात कौसाबाई भेटली. मीठ घ्यायला आली होती. मेंढरं जवळच एका वावरात बसली होती. तिनं घरचं विचारलं, मग म्हणाली, "सर, तुमी मामाला जरा सांगा की. तीन वर्सं झाली, आमी हिकडं आलो की वाड्यावर येतेत, बसतेत, मेंढरांचं इचारतेत, पर पानी घेत न्हाईत. च्या न्हाई, पानी न्हाई. आमचं मालक म्हनतेत, आपल्या दारचं चालत नसंल त्यास्नी. कावून न्हाई घेत, सर?"

मला माहीत होतं कावून. ज्याचं नुकसान आपल्या हातून झालं, त्याच्या दारचं पाणी प्यायचं नाही, अशी मामांच्या आईची शिकवण होती. कधीतरी डबा खाताना त्यांनीच सांगितलेली. कौसाबाईला वाटत होतं की मामा तिला कमी लेखतात. मामांना वाटत होतं की त्यांनी तिच्या बापाचा आवाज घालवला. आणि दोघांच्या मध्ये, मिठाच्या पिशव्यांपाशी, मी उभा होतो. "सांगतो," एवढं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी खणातल्या केबली खिशात घालून मी मामांच्या घरी गेलो. मामा ओट्यावर बसून शेंगा निवडत होते. मी केबल त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं. सगळं, क्रमानं, अहवाल लिहिल्यासारखं. आवाज कापला नाही, डोळ्यांत काही आलं नाही. मामांनी दुमडीवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"मंजे कूलर भरलेला असता तरी गेलं असतं?"

"हो."

"तुमाला कवा कळलं?"

"झाकण काढलं तेव्हाच. त्याच आठवड्यात."

मामांनी केबल शेंगांच्या टोपलीत ठेवली, परत उचलली, मला दिली. "सर, मला शिव्या देता येत न्हाईत तुमाला. सवय न्हाई." मग उरलेल्या शेंगा निवडून संपवल्या. शेवटी टोपली आत ठेवून आले, पायात चप्पल घातली. "चला. तिला सांगा. मी हाय संगं, पर बोलायचं तुमी."

वावर दोन किलोमीटर होतं. आम्ही चालत गेलो. ज्वारीची खोडकं पायाला टोचत होती म्हणे. मामा तसं म्हणाले, मला कळलं नाही. वाड्याभोवती जाळी लावलेली, करडं-कोकरं आत, मेंढरं बाभळीच्या सावलीला डोकं खाली घालून एकमेकांच्या पोटाखाली तोंडं लपवून उभी. कौसाबाईनं पोतं अंथरलं. मी उभ्यानंच सांगितलं. केबल दाखवली नाही, ती खिशातच राहिली; तिला तिचं काय. मी म्हणालो, माझ्या हातून गेलं, मामांच्या नाही, आणि मला पहिल्यापासून माहीत होतं.

ती माझ्याकडं बघत नव्हती. एका कोकराच्या पायातला काटा काढत होती. काटा निघाला, तिनं तो बघितला, टाकला.

"सोमवारी या म्हनलंतं तुमी," ती म्हणाली. "त्या दिशीच दिलं असतं तर?"

"असतं आज तुमच्याकडं."

"आबा म्हनायचा, खोट्या हाकंला मेंढरू एकदाच फसतंय." एवढं बोलून ती उठली आणि चूल पेटवली. मी अजून काहीतरी म्हणेन म्हणून मामा माझ्याकडं बघत होते. नव्या सर्व्हरमध्ये मी वीतभर सैल ठेवतो, पट्टे वापरत नाही, कापडी चिकटपट्टीनं हलकं धरतो, दर रविवारी दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवतो. हे तिला सांगण्यात काही अर्थ नव्हता. तिच्यासाठी त्या सगळ्या पेट्या रिकाम्याच आहेत.

तिनं आधी तांब्या आणला. मामांपुढं ठेवला, आणि हात न काढता तिथंच थांबली. मामांनी तांब्या उचलला, वरून धार धरली आणि गटागटा प्याले. गळ्यावरून पाणी सदऱ्यात गेलं. त्यांनी पुसलं नाही. कौसाबाई म्हणाली, "सावकास, मामा. हाय अजून." मग चहा आला, शेळीच्या दुधाचा, दाट. मामांनी बशीत ओतून घेतला, फुंकर घातली, संपवला आणि कप पुढं केला. "आनखी हाय का गं?"

"हाय की. तीन वर्सांचा हाय."

मामा हसले. तिचा नवरा जाळीपलीकडून काय झालं म्हणून बघायला लागला.

माझा कप माझ्यापुढं होता. मी तो हातात घेतला. चांगला गरम असणार, वाफ दिसत होती. मी तो धरून बसलो. साय आली, साय आकसली. मामांची दुसरी बशी झाली.

"च्या निवला, सर," कौसाबाई म्हणाली.

"असू द्या."

तिनं कपाकडं बघितलं, मग माझ्याकडं, त्या दुपारी पहिल्यांदाच. घ्या म्हणून आग्रह केला नाही. माझ्या हातातून कप घेतला, चहा बाभळीच्या बुडाशी ओतला, कप विसळून पालथा ठेवला. पुढच्या चैत्रात या म्हणाली नाही. येऊ नका असंही म्हणाली नाही.

मामा तिथंच थांबले. मी त्यांच्या घरापाशी लावलेल्या गाडीपर्यंत चालत परत आलो, आणि अहवाल खोटा होता हे प्राचार्यांना सांगणारा कागद गाडीवर बसण्याआधी, पेट्रोलच्या टाकीवर ठेवून लिहिला. मग फाट्यापर्यंत आलो. हॉटेलवाल्यानं टेबलावर पाण्याचा जग ठेवला. तो मी संपवला, आणि दुसरा मागितला.